टक्क्यावर अडलेला बॅकअप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं संगणकाचं मी बघते. दुपारी दिवाणजींचा फोन. "मॅडम, स्टॉकची फाइल पुसली गेली माझ्या हातनं. तुमचा तो रात्रीचा बॅकअप आहे ना, त्यातनं काढून द्या की."

निवांत गेले. फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल ११ दिवसांपूर्वीची.

त्या दिवशी काय झालं होतं ते लगेच आठवलं, कारण ते मीच केलं होतं. आधी रोज एकच फाइल व्हायची, कालची पुसून आजची. मी शहाणपणा करून नावात तारीख घातली, टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) बॅकअपची ती ओळ चालवून बघितली, फाइल झाली, घरी गेले. समोर दिसत होती ती हीच, हाताने केलेली. रात्री दीडला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने, चालवायची तीच ओळ एकदाही तडीस गेली नव्हती.

नेटवर शोधावं तर रस्ता खोदताना केबल तुटलेली. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, आणि भिंतीपलीकडे माग खडखडतायत. मग सुचलं की युनिक्सच्या मदतीची पानं मशीनमध्येच असतात. 'मॅन क्रॉनटॅब' टाइप केलं; मॅन म्हणजे मदतीचं पान दाखव, क्रॉनटॅब म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी. पान आलं, पण ते फक्त आज्ञेचं: ई दिलं की यादी बदलता येते, एल दिलं की दिसते, आर दिलं की पुसली जाते. (कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी. बोट घसरलं की अख्खी यादी न विचारता साफ!) ओळ लिहायची कशी, याचा पत्ता नाही.

तळाशी 'हेही पाहा' मध्ये पुन्हा क्रॉनटॅबच, पुढे कंसात ५. त्या आकड्याकडे इतकी वर्षं मी बघितलंच नव्हतं. विभाग १ आज्ञांचा, ५ फाइलींच्या रचनेचा, ८ व्यवस्थापनाचा. नावं सारखी, पानं दोन, आणि आकडा न दिल्यास पहिलंच पुढे येतं. 'मॅन ५ क्रॉनटॅब' म्हटलं आणि घबाड उघडलं.

मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरं. तारीख आणि वार दोन्ही भरले तर कुठलंही एक जुळलं तरी काम सुटतं, हे मला तिथेच कळलं. आणि पुढे, आज्ञेच्या घराबद्दल: टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो, पहिल्या टक्क्यापुढचं सगळं आज्ञेला इनपुट म्हणून देतो, तसं नको असेल तर आधी बॅकस्लॅश द्या. माझ्या तारखेत अधिकच्या चिन्हापुढे टक्काच होता. लॉग (क्रॉनने केलेल्या कामांची नोंद) काढला तर रोज दीड वाजता आज्ञा अधिकच्या चिन्हापाशी तुटलेली, आणि जोडीला एक ओळ: मेलची सोय नाही, आउटपुट टाकून दिलं. बिचारा क्रॉन रोज रात्री बोंबलत होता.

बॅकस्लॅश घातला, वेळ तीन मिनिटं पुढची दिली आणि घड्याळ बघत बसले.

"पोथी वाचताय काय मॅडम?" दिवाणजी मागून डोकावले. तेवढ्यात फाइल आली. वेळ परत दीडची केली.

पुसलेल्या स्टॉकला मात्र कुठलंच पान नव्हतं. चूक माझी, असं मालकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चलनांचे गठ्ठे माझ्या टेबलावर आणून ठेवायला सांगितले. जुन्या फाइलवर ११ दिवस पुन्हा चढवायचे होते. दिवाणजी वाचत होते, मी टाइप करत होते. पाळी सुटली तेव्हा आम्ही चौथ्या दिवसावर होतो.