दिलेलं भिंग परत मागितलं तेव्हा

चौथीतल्या मुलाने दिलेली वस्तू परत मागितली तर द्यायची की नाही, याचं उत्तर मूल्यशिक्षणाच्या पुस्तिकेत नाही. मी पान न् पान चाळलं. 'औदार्य' या मूल्यापुढे उपक्रम आहे, अपेक्षित वर्तन आहे, नोंदीचा रकाना आहे. माघार घेणाऱ्यासाठी रकाना नाही.

आमच्या शाळेत दरवर्षी एक आठवडा 'देण्याचा' असतो. मुलं घरून वस्तू आणतात, त्या दुसऱ्या एका शाळेत जातात. मुख्याध्यापकांच्या हौसेखातर प्रत्येक वर्गात तक्ता लागतो. त्यात नाव, वस्तू आणि पुढे चमकीचा तारा. प्रार्थनेनंतर मोठी वस्तू आणणाऱ्याला पुढे बोलावून टाळ्या. शेवटच्या दिवशी खोक्यांसोबत फोटो. तक्ता भरला की मूल्य रुजलं, असा अहवाल वर जातो.

खोक्यांत काय येतं, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. मधोमध पिना मारलेली वही घ्या. वर्ष संपल्यावर पुढची लिहिलेली पानं फाडली की मागची तितकीच पानं सैल होतात, कारण कागद एकच असतो. पालक ती 'अर्धी कोरी आहे' म्हणून पाठवतात. दुसऱ्या मुलाच्या हातात ती आठवडाभरही टिकत नाही. कंपासपेटीत कंपास सोडून सगळं असतं. चित्रकोड्याचा एक तुकडा हमखास गायब. सगळ्यांत फसवे स्केचपेन. टोपणं घट्ट, रंगांची रांग पूर्ण, आणि आत कोरडेठाक. कपाट आवरायला निमित्त हवं असतं, ते आम्ही पुरवतो.

इतर वर्गांत हे खोकं तसंच बांधून जातं. मी माझ्या वर्गात मुलांनाच निवडायला बसवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. प्रत्येक स्केचपेनने पाठकोऱ्या कागदावर एक रेघ मारायची. वही उभी धरून हलवायची, पानं गळतात का बघायचं. तुकडे मोजायचे. मग तीन ढीग करायचे. पहिला 'चालेल', दुसरा 'दुरुस्त करून चालेल'. तिसऱ्याचं नाव मुलांनीच ठेवलं, 'मला दिलं तर मला राग येईल'. या वेळी तिसराच सगळ्यांत उंच झाला. कोरडा हिरवा पेन हातात धरून एकीने विचारलं, "बाई, हा दिलाय की टाकलाय?" माझ्या टाचणातल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा तो प्रश्न सरस होता.

हे चालू असताना तो उठला. त्याने भिंग आणलं होतं. काचेचं, धातूच्या कडीचं, लांब दांड्याचं. मधल्या सुट्टीत तो ते घेऊन भिंतीच्या कडेला मुंग्यांवर वाकलेला असायचा. त्या आठवड्यात सगळ्यांत जोरात टाळ्या त्यालाच पडल्या होत्या. त्याने ते 'चालेल'च्या ढिगातून उचललं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि म्हणाला, "बाई, हे मी परत नेऊ?"

मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. "दिलेलं परत घेत नसतात," हे ताबडतोब आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अजून खोकं बंद कुठे झालंय?" मग एकाने व्यवहार मांडला, "नेऊ दे. पण तारा काढायचा." तारा काढण्यावर मात्र सगळ्यांचं चटकन एकमत झालं. तक्त्याने काय शिकवलं ते मला तिथे दिसलं.

तो स्वतःच गेला, नखाने तारा खरवडला. खाली तक्त्याचा कागद थोडा फाटला. मी विचारलं, "आणलंस तेव्हा द्यायचं होतं ना?" म्हणाला, "टाळ्या वाजत होत्या तेव्हा होतं. घरी गेल्यावर नव्हतं." देणगीच्या बाबतीत इतकं सरळ मोठी माणसं बोलत नाहीत.

मी भिंग परत दिलं, आणि ते मन विरघळलं म्हणून नव्हे. चेर्न्याक आणि कुश्निर या दोन संशोधिकांचा 2013 मधला एक प्रयोग माझ्या डोक्यात होता. 3-4 वर्षांच्या मुलांपैकी काहींना स्टिकर स्वतःकडे ठेवायचा की उदास बाहुल्याला द्यायचा, याची मोकळीक होती. काहींना तो द्यायलाच लावलं. पुढे दुसरा बाहुला आल्यावर, मोकळीक मिळालेल्या मुलांनी जास्त स्टिकर दिले. 'नाही' म्हणायची सोय असेल तर 'हो'ला वजन येतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

हेच मी मुख्याध्यापकांना सांगितलं, आणि ताऱ्यांविरुद्ध आणखी एक दाखला दिला. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये 20 महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे मदत कमी करू लागली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नुसतं तोंडी कौतुक झालेल्यांत ती घट नव्हती. म्हणजे टाळ्यांना सरसकट दोषी धरता येत नाही. माझ्या सोयीचं नाही, पण आहे. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, यादी गेलीय."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच त्याची आई दारात. एका हातात मुलगा, दुसऱ्या हातात भिंग. "आमच्या घरात कर्ण जन्मावा असं म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या, "पण चारचौघांत दिलेला शब्द पाळायला नको?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. पालकांना मुलासमोर खोडायचं नाही, हे या धंद्यातलं पहिलं पथ्य. मधल्या सुट्टीपर्यंत वेळ मागून घेतला आणि त्याला एकट्याला विचारलं, "काय करायचं?" तो म्हणाला, "आता द्यायचंच आहे. आईला कळलंय ना."

भिंग गेलं.

बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत मायमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आहेत. नाखुशीने दिलेलं सगळ्यांत खालच्या पायरीवर. हे मी शिक्षकखोलीत जरा तावातावाने सांगितलं, तर तिसरीच्या बाई डोळ्यांवरचा चष्मा न काढता म्हणाल्या, "म्हणजे पायरीवर आहे ना? बाहेर नाही काढलं त्याला." पुढे म्हणाल्या, "अगं, ज्या पोरीला ते भिंग मिळेल, तिला मुंगीचे पाय दिसतील. त्याने हसत दिलं की रडत, हे तिला थोडंच दिसणार आहे? तू तुझ्या वर्गाचं मन घडवत बसलीस, त्यात तिचं भिंग जात होतं."

यावर मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही. कोरडे स्केचपेन सगळ्यांनी हसत दिले होते, प्रत्येकी एक तारा घेऊन. जिवावर येऊन दिलेलं भिंग तेवढं चांगलं निघालं. त्या वर्गाला नेमकं कुणाचं उदाहरण द्यायचं, हा हिशेब मी अधूनमधून मांडते आणि दर वेळी तो वेगळा येतो.

तो मुलगा आता पाचवीत आहे. येता-जाता हसतो, मुंग्यांचा विषय काढत नाही, मीही काढत नाही.

पुढच्या वर्षासाठी मी लेखी मागणी दिली आहे. खोकं शेवटच्या दिवसापर्यंत उघडं राहावं, कुणीही आपली वस्तू कारण न सांगता परत न्यावी आणि तक्ता लावू नये. पहिल्या दोन गोष्टी सरांनी मान्य केल्या. तक्ता मात्र या वेळी छापील येणार आहे.