लॉला ॲडमिशन घेताय? आधी चोरी वाचा

सध्या सीझन आहे. सीईटीचे निकाल लागले की कोणी ना कोणी मेसेज करतंच, ताई लॉला ॲडमिशन घेतेय, आत्तापासून काय वाचू? यावेळी तर घरातलंच गिऱ्हाईक, माझी घणसोलीची मामेबहीण, बीकॉम झालीये आणि तीन वर्षांच्या एलएलबीला चाललीये, तिने मला शॉपिंग ॲपच्या कार्टचा स्क्रीनशॉटच पाठवला. कॉन्ट्रॅक्टची जाडजूड कॉमेंटरी (कलमांचं स्पष्टीकरण देणारं पुस्तक), संविधानावर दोन वेगवेगळ्या लेखकांची पुस्तकं, लॉ डिक्शनरी, हायलायटरचा सेट आणि एक काळा कोट! म्हटलं बाई थांब, पेमेंट करू नकोस, मी एकदा लिहूनच टाकते सगळं.

तर मी ठाण्यात राहते, ऐरोलीला नोकरी करते, लॉची सकाळची बॅच, आत्ताच सेकंड इयरला आलेय. घरात आधी कोणी वकील नाही. टॉपर वगैरे तर अजिबात नाही, त्यामुळे हे टॉपरचं ज्ञान समजून वाचू नका.

माझं म्हणणं एवढंच की लॉच्या पहिल्या वर्षाच्या तयारीत पाठ काहीच करायचं नाही, फक्त कलम वाचायला शिकायचं. आपण बारावी, बीकॉम, बीए सगळं गाइडमधून करून आलेलो असतो, धडा वाचायचा आणि सारांश लक्षात ठेवायचा ही सवय हाडात मुरलेली असते आणि कायद्याला ती सवय चालत नाही, कारण इथे एक 'आणि' च्या जागी 'किंवा' वाचलं की माणूस आत जातो नाहीतर सुटतो.

करून बघा. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या गुन्ह्यांच्या नवीन कायद्याचं, कलम 303 उघडा. चोरी. सगळ्यांना वाटतं चोरी म्हणजे काय हे काय शिकायचंय, दुसऱ्याची वस्तू घेतली की चोरी. आता कलम हळू वाचा. वस्तू जंगम म्हणजे हलवता येणारी पाहिजे, ती कोणाच्या तरी ताब्यात पाहिजे, त्याची संमती नको, घेणाऱ्याचा इरादा अप्रामाणिक पाहिजे आणि घेण्यासाठी ती वस्तू हलवलेली पाहिजे. पाच तुकडे झाले. यात मालकीचं नाव कुठेच नाहीये, ताबा आहे फक्त. मग समजा ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानात तुम्ही तुमचा मोबाईल स्क्रीन बदलायला दिलात, काम झालं, तो म्हणतो आधी पैसे द्या मग फोन न्या, तुमच्याकडे आत्ता पैसे नाहीयेत, तो चहावाल्याकडे वळला तेवढ्यात तुम्ही काउंटरवरचा स्वतःचा फोन उचलला आणि सरळ प्लॅटफॉर्म गाठला. फोन कोणाचा, तुमचाच. बिल तुमच्याकडे, बॉक्स तुमच्याकडे, फोनमध्ये फोटो पण तुमचेच. तरी चोरी? हो, होऊ शकते, कारण दुकानदाराने फोन त्याच्या मजुरीपोटी कायदेशीरपणे अडवून ठेवला होता आणि तुम्ही त्याचे पैसे बुडवायच्या इराद्याने तो त्याच्या ताब्यातून काढलात. आणि हे मी बनवून सांगत नाहीये, कलमाखाली जी उदाहरणं दिलीत त्यात जवळजवळ हेच आहे, फक्त तिथे मोबाईलच्या जागी घड्याळ आहे, कारण मूळ कायदा म्हणजे आयपीसी 1860 चा. 2023 ला नवीन कायदा केला तेव्हा पण घड्याळच ठेवलंय, असो. आता मजुरी आधीच दिलेली असेल, दुकानदाराचं काहीच देणं नसेल, तर तोच फोन तसाच उचलला तरी चोरी नाही. बाकी काही लफडं होईल, पण चोरी नाही.

तिथेच कुत्र्याचं उदाहरण आहे, ते तर माझं फेवरेट. खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, इरादा वाईट असेल तर कुत्र्याने मागे यायला सुरुवात केली की तिथेच चोरी पूर्ण, घरी नेऊन बांधायची पण गरज नाही. झाड जमिनीत आहे तोवर ते चोरीची वस्तूच नाही, कापून जमिनीपासून वेगळं केलं की होते. आणि पावसाळ्यात लायब्ररीतून सगळ्यांच्या काळ्या छत्र्यांमधली दुसऱ्याची छत्री खरंच आपलीच समजून उचललीत तर चोरी नाही, कारण इरादाच नाही. घरी येऊन कळल्यावर गपचूप ठेवून घेतलीत तर पुढे काय, तो विचार तुम्ही करा, तीच तयारी.

एका कलमावर अख्खा रविवार घालवा. वेळ वाया गेला असं वाटेल, जाऊ दे. पुढे कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑफर आणि ॲक्सेप्टन्स येईल तेव्हा हाच रविवार उपयोगी पडतो.

आता पुस्तकांचं. बेअर ॲक्ट घ्या, म्हणजे नुसता कायदा, कॉमेंटरी नाही. पातळ असतो, स्वस्त असतो, ट्रान्सहार्बर लोकलला उभ्याने पण वाचता येतो. तेवढेही खर्च करायचे नसतील तर इंडिया कोडच्या सरकारी साइटवर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत. सेकंडहँड पुस्तकं मी पण घेते, पण क्रिमिनलची घेताना तारीख बघून घ्या, कारण 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट तिन्ही गेले, त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. 511 कलमांची आयपीसी आता 358 कलमांची संहिता झालीये आणि नंबर सगळे हललेत. खून 302 चा 103 झाला, आणि 420 आता 318 मध्ये गेलंय त्यामुळे 'चारसोबीस माणूस' ही शिवी पण जुन्या सिलॅबसची झाली. तरी दादाने दिलेली जुनी आयपीसी रद्दीत टाकू नका, 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना तोच जुना कायदा लागतो, म्हणजे कोर्टात अजून बरीच वर्षं दोन्ही नंबर ऐकू येणार. लेबर लॉचं पण तसंच, जुने 29 कायदे मिळून चार कोड केलेत, तेव्हा जुन्या नोट्स डोळे झाकून घेऊ नका.

मग जजमेंट. सुट्टीत एकच वाचा, पण पूर्ण वाचा. मी सांगेन ऑल्गा टेलिस, 1985 चं, कारण ते आपल्या इथलं आहे, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांना पालिका हटवत होती त्याची केस. पाच न्यायमूर्तींचं बेंच, निकाल लिहिला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या निकालांच्या साइटवर फुकट मिळतं. याची गंमत अशी की गाइडमध्ये एक ओळ असते, जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, कलम 21, संपलं. पोरं परीक्षेत तेवढंच लिहून येतात आणि कितीतरी जणांना वाटतं फुटपाथवाले केस जिंकले. पूर्ण वाचलं तर कळतं की उपजीविकेचा अधिकार मान्य केला, पण फुटपाथ अडवायचा हक्क नाही असंही म्हटलं, नियमाने हटवायला परवानगी दिली, फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत थांबायला सांगितलं. वाचताना पानाच्या कडेला चार गोष्टी लिहा: झालं काय, प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवलं आणि का ठरवलं. 'का' वर सगळ्यात जास्त वेळ द्या. आणि सुरुवातीची हेडनोट, म्हणजे वर दिलेला सारांश, वाचून थांबू नका, हेडनोट म्हणजे निकाल नव्हे.

इंग्लिशची भीती. मी मराठी मीडियमची, त्यामुळे हे मला सगळ्यात जास्त विचारतात. खरं सांगू का, कायद्याचं इंग्लिश कॉन्व्हेंटवाल्यांना पण पहिल्यांदा कळत नाही, ते सोफ्यावर बसून वाचायचं इंग्लिशच नाहीये. मोठं वाक्य आलं की क्रियापद शोधा, मग कोणी, कशाला, कोणत्या अटीवर असं तोडत जा. आणि आपल्याला एक फायदा पण आहे, ठाण्याच्या कोर्टात बरंचसं कामकाज मराठीत चालतं. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मनाई हुकूम, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज), सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास हे तिथे रोजचं, आणि ज्यांचं मराठी डगमगतं त्यांची तिथे जी तारांबळ उडते ती मी बघितलीये.

बाकी किरकोळ. अटेंडन्स बार कौन्सिलच्या नियमाने 70 टक्के लागते, नोकरीवाल्यांनी ॲडमिशनच्या आधीच ऑफिसात बोलून ठेवा, नंतर नाही. ॲडमिशनच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं सेमिस्टर आखडतं, परीक्षा डोक्यावर येऊन बसते, म्हणून ही सगळी कामं सुट्टीत करा म्हणतेय. गाइड शेवटच्या आठवड्यात वाचायला हरकत नाही, मी वाचते, उगाच खोटं कशाला बोलू. कोट आत्ता घेऊ नका, आधी पांढरा शर्ट आणि काळी पँट पुरते.

आणि नातेवाईक! ॲडमिशनची पावती हातात आली की त्याच दिवशी काका सोसायटीच्या पार्किंगचं विचारणार, आत्या गावच्या जमिनीतल्या हिश्श्याचं. गोड बोलून चहा प्या आणि वकिलाला विचारा म्हणून सांगा. वकिलीचा अधिकार 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळालेल्यांनाच आहे, हे वाक्य काकांवर चालतं. आत्यावर चालत नाही.

शेवटचं काम, कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदा कोर्टात जाऊन बसा. ठाणेकरांना कोर्ट नाका, नवी मुंबईकरांना बेलापूर. आपल्याकडे कोर्ट खुलं असतं, आत बसायला केस असावी लागत नाही. दाराबाहेर बोर्ड लावलेलं असतं त्यात त्या दिवशीच्या केसेस बघा, आत जाताना मान लववा, मोबाईल सायलेंट नाही तर बंदच, मागच्या बाकावर बसा. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या किंवा तशा नाजूक केसेस बंद दाराआड चालतात, बाहेर जा म्हणाले तर मुकाट निघा. शिपाई पुकारा करेल, बहुतेक जण येतील, तारीख घेतील आणि जातील, पहिला तास तर कंटाळाच येईल. उठू नका. एखादी उलटतपासणी लागली तर साक्षीदाराकडे बघत बसू नका, वकील एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या पद्धतीने का विचारतोय ते बघा. सकाळी अकराच्या आधी पोहोचा, लंचला गेलात तर रिकाम्या खुर्च्या बघून याल. मामलेदारची मिसळ खायची असेल तर ती नंतर, आधी खाल्लीत तर कोर्टात झोप लागते.