बसने ऑफिसला जाणारा साहेब, आणि त्या फॉरवर्डमध्ये न लिहिलेलं पुढचं

जपानी कंपन्यांचे साहेब म्हटलं की एक ठरलेलं फॉरवर्ड येतंच. बघा एवढ्या मोठ्या एअरलाइनचा अध्यक्ष, पण बसने ऑफिसला जातो, कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर जेवतो, पगार स्वतःच्या पायलटपेक्षा कमी, आणि खाली चारपाच हात जोडलेले इमोजी. गोष्ट खरी आहे हां. ते हारुका निशिमात्सु, 2006 ते 2010 जपान एअरलाइन्सचे अध्यक्ष. फक्त पुढचं कोणी लिहीत नाही, की जानेवारी 2010 मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीत गेली, डोक्यावर 2.3 लाख कोटी येनच्या आसपास कर्ज.

निशिमात्सु वाईट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही, माणूस भलाच होता. पण तोट्यातले रूट, पेन्शनचं ओझं, त्यात 2008 ची मंदी, हे सगळं साहेब बसने आला म्हणून थोडंच फिटणार होतं? आपण मात्र लीडरशिप म्हणून कौतुक करतो ते त्या बसचंच.

मग सरकारने गळ घातली काझुओ इनामोरींना. वय 78, क्योसेरा ही सिरॅमिक आणि इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी 1959 मध्ये स्वतः उभी केलेली, टेलिकॉममध्येही यश मिळवलेलं, पण विमानधंद्याचा अनुभव शून्य. पगार घेणार नाही म्हणाले. इथपर्यंत परत तीच साधेपणाची स्टोरी वाटते ना, पण खरी मजा पुढे आहे. आल्यावर त्यांना दिसलं की इथे महिन्याचा हिशोब हातात यायलाच दोनतीन महिने लागतात, कुठल्या फ्लाइटने कमावलं आणि कुठल्या फ्लाइटने घालवलं हे धड कोणाला सांगता येत नाही, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी इमानदारीत काम करतोय आणि कंपनी बुडतेय. क्योसेरात त्यांची एक पद्धत होती, अमीबा मॅनेजमेंट. कंपनीचे छोटे छोटे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाने आपली कमाई, आपला खर्च स्वतः मांडायचा, तासाला किती मिळवलं इथपर्यंत. तेच इथे आणलं. एकेका फ्लाइटचा नफातोटा दुसऱ्या दिवशी समोर यायला लागला. महिन्याच्या मीटिंगमध्ये प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर आपले आकडे समजावून सांगायचे, आणि हे आजोबा अगदी किरकोळ खर्चावर बोट ठेवून विचारणार की हा का वाढला. त्या काळात पायलट लोक कागदी कप वाचवायला घरून स्वतःचा कप आणायला लागले, आणि हे करा असा काही वरून हुकूम नव्हता, आकडा दिसायला लागला की माणूस आपोआपच हात आखडता घेतो.

आता हे सगळं गोडगोड नव्हतं हेही सांगायला पाहिजे. 16 हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या, बँकांनी कर्जावर पाणी सोडलं, सरकारी फंडाने 35 हजार कोटी येन ओतले. ते नसतं तर नुसत्या फिलॉसॉफीने विमानं उडाली नसती. पण सप्टेंबर 2012 मध्ये कंपनी परत टोकियोच्या शेअर बाजारात लिस्ट झाली, आणि नुसत्या पैशाने दोन अडीच वर्षांत एवढं होत असतं तर आधीच झालं असतं, कारण मदत त्याआधीही मिळाली होतीच.

बरं, आकड्यांची मीटिंग घेतली की झालं का? तर नाही, तोशिबा बघा. तिथेही मीटिंग व्हायच्या, तिथेही आकडे मागायचे, पण वरून टार्गेट फेकायचं, त्याला म्हणायचं 'चॅलेंज', आणि ते जमणार नाही असं बोलायची सोय कोणालाच नाही. मग खालच्यांनी काय केलं, तर आकडेच फुगवले. सात वर्षांत 15 हजार कोटी येनपेक्षा जास्त नफा जादा दाखवलेला निघाला, आणि 2015 मध्ये अध्यक्ष कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागून पायउतार झाले. मीटिंग तीच हो, फरक एवढाच की एकीकडे साहेबाला खरं काय ते हवं होतं आणि दुसरीकडे त्याच्या मनातला आकडा हवा होता.

म्हणून मला जपानी साहेबांमध्ये सगळ्यात भारी वाटतात होंडाचे दोघं. सोइचिरो होंडा म्हणजे इंजिन सोडून दुसरं काही न सुचणारा, तापट माणूस, आणि ताकेओ फुजिसावा पैसा आणि विक्री बघणारे. होंडांनी कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावांकडे देऊन टाकलेला (जपानमध्ये अध्यक्षाचा शिक्का म्हणजे सही, समजा चेकबुकच दिलं). साठच्या दशकाच्या शेवटी होंडा हट्टाला पेटले की इंजिन एअर कूल्डच (हवेने थंड होणारं) पाहिजे, तरुण इंजिनिअर म्हणत होते वॉटर कूल्डशिवाय (पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाशिवाय) प्रदूषणाचे नियम पाळता येणार नाहीत, पण जिवंत दंतकथेला तोंडावर चूक कोण म्हणणार. शेवटी फुजिसावांनी विचारलं, तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? होंडा म्हणाले अध्यक्ष म्हणून, आणि माघार घेतली. 1972 मध्ये सीव्हीसीसी इंजिन आलं, अमेरिकेचे तेव्हाचे कडक नियम पाळून दाखवणारं, आणि ते वॉटर कूल्डच होतं. पुढच्याच वर्षी दोघं एकदमच रिटायर झाले, खुर्ची कोणाच्या मुलाला दिली नाही.

व्हिडिओ गेमवाल्या निंटेंडोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांचं पण असंच फॉरवर्ड फिरतं, 2014 मध्ये धंदा बसला तेव्हा पाच महिने पगार अर्धा घेतला म्हणून. घेतला ना, खरंय. पण मला विचाराल तर त्यापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. 1993 मध्ये ते एचएएल लॅबोरेटरी या कर्जात बुडालेल्या गेम बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि तिथे त्यांनी एकेका माणसाला बसवून त्याचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली, एकदा नाही, दर सहा महिन्यांनी. स्वतः प्रोग्रामर होते, त्यामुळे समोरचा काय सांगतोय ते कळायचंही. याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याचं फॉरवर्डही होत नाही.