बाळ झोपलं की बीजगणित

अमेरिकेत पिट्सबर्गला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली आणि वसईहून फोन आला की अजूनही हमखास एक प्रश्न येतो, "तिथे चर्चला कोणी जातं का गं?" जातात. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीत, तर एक फॅमिली अशी आहे की ती आली की अख्खा बाक भरतो, उरलेली दोन मागच्या बाकावर. त्यांची बारा सीटची पांढरी व्हॅन मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं कुठल्यातरी होस्टेलची मुलं मिस्साला आणलीत. मग आई मागून उतरली, कडेवर एक, आणि मी मनातल्या मनात मोजलं, सात. (आता आठ आहेत, ते पुढे येतंच.)

नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तसंही सगळ्यांची नावं संतांची, आपल्याकडच्यासारखीच.

ओळख झाली ती फिश फ्रायला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथे शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासा तळतात, तो तुकडा एवढा मोठा की पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो, आणि सोबत पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या समजा. ती मुलं टेबलं पुसत होती, म्हाताऱ्यांना कॉफी नेऊन देत होती, आणि मी सहज विचारलं, कुठल्या शाळेत? आई म्हणाली, घरीच.

मला खरंच कळेना. आपल्या वसईत चर्च म्हटलं की बाजूला शाळा आलीच ना, माझी मावशी सिस्टर, म्हणजे नन, तिचा जन्म कॉन्व्हेंटमध्ये शिकवण्यात गेला, ॲडमिशनच्या दिवसांत तिला नातेवाईक शोधत यायचे. आणि इथे रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारं घर मुलांना कॅथलिक शाळेतसुद्धा घालत नाही?

यामागे मोठी गोष्ट आहे, ती मला हळूहळू कळली. अमेरिकेतल्या बिशपांनी १८८४ साली बाल्टिमोरला ठरवलं की प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी. मग सिस्टर्सनी जवळजवळ फुकटात शिकवलं आणि १९६०च्या दशकात या शाळांत ५० लाखांच्या वर मुलं होती. नंतर कॉन्व्हेंटं रिकामी झाली, पगारी शिक्षक आले, फी वाढली, शाळा बंद पडत गेल्या, आज १७ लाखांच्या आसपास मुलं आहेत. आता पाच मुलांची फी एका पगारातून भरून बघा. त्या मुलांच्या आईने मला हे हसत सांगितलं, पण लगेच म्हणाली की पैसा हे अर्धंच कारण, उरलेलं अर्धं म्हणजे आम्हाला धर्म हा आठवड्यातून एक तास नकोय, जेवणात मीठ असतं तसा हवाय. मीठ तिने म्हटलं नाही, ते माझं. पण अर्थ तोच.

आणि गंमत म्हणजे घरी शिकवायचा हक्क सांगताना इथले लोक ज्या खटल्याचं नाव घेतात तो सिस्टर्सनीच जिंकलेला आहे. ओरेगॉन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायचा कायदा केला होता, सिस्टर्सच्या संस्थेने तो सुप्रीम कोर्टात पाडला, १९२५ साल. मूल हे काही सरकारची मालमत्ता नाही, असा त्या निकालाचा सूर. शाळा वाचवायला लढल्या सिस्टर्स आणि त्याचा आधार घेतायत शाळेत न जाणारे!

पण म्हणून वाटेल तसं करता येतं असं नाही, निदान आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाही. दर वर्षी १ ऑगस्टच्या आत नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, द्यायचं, वर्षाचे १८० दिवस किंवा लहानांसाठी ९०० तास आणि मोठ्यांसाठी ९९० तास, काय काय वाचलं त्याची पुस्तकांच्या नावासकट नोंद, कामाचे नमुने घातलेली फाईल. तिसरी, पाचवी आणि आठवीला परीक्षा. वर्षाअखेर बाहेरचा मान्यताप्राप्त माणूस मुलाशी बोलतो, फाईल बघतो आणि सही करतो. विषयांच्या यादीत एक चक्क आगीपासून सुरक्षितता असाही आहे. हे लक्षात ठेवा. आणि हो, शाळेचा टॅक्स यांना भरावा लागतोच, मुलं तिथे जावोत न जावोत.

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचं आठवं बाळंतपण आलं आणि मदतीला तिची आई येणार होती ती फ्लूने पडली. तिचा नवरा तिच्यासोबत हॉस्पिटलात. मी म्हटलं मी बसते तीन दिवस, माझी दोन शाळेत जातात, मी रजा टाकते, त्यात काय. सात मुलं, वयं १४, १२, ११, ९, ७, ४ आणि २. माझा नवरा म्हणाला, तुला वेड लागलंय.

पहिल्या दिवशी मी सकाळी आठला पोचले ते हातात वेळापत्रक करून, कुणाला कधी काय, रंगीत पेनाने. चौदा वर्षांच्या मोठीने ते नीट वाचलं, थँक यू म्हणाली आणि फ्रिजला मॅग्नेटने लावून टाकलं. मग तिने घंटा वाजवली. सगळी टेबलाभोवती, प्रार्थना, त्या दिवसाच्या संताची गोष्ट, एक कविता पाठ (सगळ्यांना एकच, चार वर्षांचा फक्त शेवटचा शब्द ओरडतो), मग इतिहास. इतिहास सगळ्यांना एकच, रोमन साम्राज्य. सात वर्षांची रोमन शिपायाचं चित्र काढते, नऊ आणि अकरावाले नकाशा भरतात, बारावाला दोन परिच्छेद लिहितो, मोठी निबंध. दर चार वर्षांनी फिरून तोच काळ येतो, तेव्हा चित्र काढणारी नकाशावर गेलेली असते. गणित मात्र ज्याचं त्याचं, आणि ते दोन वर्षांचं झोपलं की. बाळ झोपलं की बीजगणित, हा त्या घरचा कायदा आहे. चार वर्षांच्याच्या पुढे राजमा आणि पांढऱ्या चवळ्या एकत्र करून ठेवतात, वेगळ्या कर म्हणून. तासभर जातो.

मी काय केलं? मी सँडविच केली आणि दोन वर्षांच्याच्या मागे धावले.

दुपारी सात वर्षांचीकडून नऊ वर्षांचा वाचून घेत होता, ती अडली की बोट ठेवायचा, आणि मला एकदम बाबांची शाळा आठवली. बाबा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, जव्हारकडे झेडपीच्या शाळेत मास्तर होते, चार इयत्ता, दोन मास्तर, एक जण मीटिंगला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत. चौथीची पोरं पहिलीच्या पोरांना बाराखडी गिरवायला लावायची. बाबा म्हणायचे, पहिलीतल्या हुशार पोराला चौथीची कविता फुकट पाठ होते. आम्हाला ती गरिबाची शाळा वाटायची. इथे लोक मुद्दाम तशी करतात. आठ मुलं, आठ वयं, एक बाई, हे गणित कागदावर सुटतच नाही, आणि मला जे वाटत होतं की वयं वेगळी म्हणून अवघड, ते उलटंच निघालं, सगळी एका वयाची असती तर ती बाई वेडी झाली असती.

६ तारखेचा संत होता पॉल मिकी, जपानचा. मोठी वाचत होती की १५९७ साली नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं. मी किचनमधून ओरडले, अगं त्यातला एक आमच्या गावचा! सगळ्यांच्या माना वळल्या. संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई आपल्याच बाजूची, १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. अकरावाल्याने यादी काढली, बोट फिरवलं, सापडलं नाव. पुढचा एक तास रोम गेलं खड्ड्यात, ॲटलासमध्ये वसई शोधली (मुंबईच्या वर बोट ठेवून मीच दाखवली), किल्ला, पोर्तुगीज, आमची केळी, आम्ही घरी कुठली बोली बोलतो, सगळं सांगून झालं. पॅसेजच्या भिंतीवर त्यांनी काळाची लांबच लांब पट्टी लावली आहे, तिच्यावर सात वर्षांचीने १५९७ पाशी एक माणूस चिकटवला आणि त्याच्या हातात केळं दिलं. आजही आहे.

माझ्या मुलांना शाळेत कोणी विचारतं, तुम्ही इंडियाचे ना, हत्ती आहे का घरी. असो.

आता सगळं गोडगोडच लिहायला नको. नऊ वर्षांचा मुलगा आठ पूर्ण होईपर्यंत वाचत नव्हता. शाळेत असता तर कोणीतरी चिडवलं असतं हे खरं, पण कोणीतरी तपासलंही असतं, आणि त्याला डिस्लेक्सिया आहे हे एक दीड वर्ष आधी कळलं असतं, हे तिनेच मला सांगितलं, डोळ्यात पाणी आणून. मोठी मुलगी अर्धी आई आहे, तिला विचारलं तर ती म्हणते मला आवडतं, पण चौदाव्या वर्षी आणखी काय म्हणणार? माझ्या आजीला नऊ मुलं होती, त्यातली थोरली म्हणजे माझी मोठी आत्या, तिला चौथीत शाळेतून काढलं धाकट्यांना सांभाळायला, आणि म्हातारपणीसुद्धा ती ते विसरली नव्हती. इथली मोठी लॅटिन शिकते, शुक्रवारी पॅरिश हॉलमध्ये चारपाच घरं एकत्र येतात तिथे बेडूक कापते, तेवढा फरक आहे, मोठाच आहे. तरी आत्या आठवतेच.

आणि पेनसिल्व्हेनियासारखा फाईल मागणारा कायदा सगळीकडे नाही. टेक्ससमध्ये मूल घरी शिकतंय हे साधं कळवावंही लागत नाही. हे मला अजिबात पटत नाही, चांगल्या घराला कागदाचा त्रास होतो हे मान्य, पण सगळी घरं अशी नसतात. तिचं माझं यावर भांडण होतं, प्रेमळच, कॉफीवर.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं आता सँडविच पुरे, वरणभात करू. तुपात मोहरी, मिरची, हिंग, फोडणी बसली आणि पाचव्या सेकंदाला स्मोक अलार्म केकाटायला लागला. मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचतेय, आणि मागे बघते तर किचन रिकामं. दोन वर्षांचा मोठीच्या कडेवर, चारवाल्याचा हात बाराच्या हातात, सगळी रांगेने समोरच्या अंगणात झाडाखाली उभी, बर्फात, मोज्यांवर, आणि अकरावाला डोकी मोजत होता. सात. मग मला हाक मारली, आंटी, तुम्हीपण बाहेर यायचं असतं!

जूनमध्ये फाईल बघणारी बाई येऊन गेली, सही करून गेली. त्या दिवशी बाळाला बघायला म्हणून मी गेले तर मुलांच्या आईने हसत फाईल माझ्यापुढे उघडली. फेब्रुवारीचं पान, मोठीचं गोलगोल अक्षर. भूगोल: वसई. विज्ञान: गरम तुपात मोहरी का फुटते. अग्निसुरक्षा: प्रत्यक्ष सराव, दोन मिनिटांच्या आत सर्व जण बाहेर, एक पाहुणी सोडून.