झावळी झाडावर असेपर्यंत कुणाची? माझा अनुभव

आमच्या रस्त्यावरच्या माडांच्या सुक्या झावळ्या अखेर उतरल्या. काम एका सकाळचं. त्यासाठी अख्खा हिवाळा पालिकेच्या कचेरीच्या बाकावर गेला आणि तो राग अजून निवलेला नाही, म्हणून लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ज्यांच्या दारासमोर रस्त्याकडेला माड आहेत त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

आमच्या कॉलनीत रस्त्याच्या एका बाजूला लोकांनीच लावलेले जुने माड आहेत आणि दुभाजकावर रॉयल पाम. माडांच्या अंगावरून विजेच्या तारा जातात, खालून शाळेची मुलं सायकलवरून. वळीव कसा येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरतं आणि पावसाआधी वारा सुटतो. गेल्या वळवात चार-पाच मीटर लांबीची वाळलेली झावळी देठासकट शेजारच्या वहिनींच्या उभ्या स्कूटरवर आदळली. त्यानंतर कॉलनीत दोन तट पडले. काहीजण म्हणाले, झाडंच काढून टाका. बाकीचे म्हणाले, कुणाला बोलावूच नका, ती माणसं झाडं बोडकी करून जातात. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: वळवाआधी सुक्या झावळ्या आणि पिकलेले नारळ उतरवणं हे शहराचंच काम आहे, पण हिरव्या झावळीला कोयता लागता कामा नये.

अर्ज शेजारच्या अण्णांनी स्वच्छ कन्नडमध्ये लिहून दिला. एका संध्याकाळी सह्या झाल्या. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

अडलं ते त्या कचेरीत. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि छापील फॉर्म पुढं सरकवला. झाडाचा प्रकार, खोडाचा घेर, तोडण्याचं कारण.

"तोडायचं नाही ओ साहेब. वाळलेल्या झावळ्या तेवढ्या उतरवायच्या आहेत."

"मग ते कचऱ्यात येतंय बाई. पलीकडच्या टेबलाकडं जावा."

पलीकडच्या टेबलावर उत्तर तयार होतं. "खाली पडलेलं आम्ही उचलतो. वरचं आमच्याकडं येत नाही."

म्हणजे झावळी झाडावर आहे तोवर एका टेबलाची आणि पोराच्या डोक्यात पडली की दुसऱ्या टेबलाची. मधल्या हवेत ती कुणाचीच नाही. मी हे तिथं मोठ्यानं बोलले. कुणी मान वर केली नाही. नंतर किती वेळा त्या दोन टेबलांमधून फिरले त्याचा हिशेब ठेवला नाही. एकदा साहेब रजेवर, एकदा फाइल 'वर' गेलेली, एकदा सही झालेली पण शिक्का राहिलेला. वाट बघताना समोरच्या भिंतीवर झाडं लावण्याचं आवाहन करणारा मोठा फलक वाचत बसायचं. लावलेलं झाड पुढं कुणी सांभाळायचं, त्याबद्दल त्यावर एक ओळ नव्हती.

झाडतोडीवर बंधन असूच नये असं मला म्हणायचं नाही. कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, बहुतेक झाडं पाडायला वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण वाळकं पान काढायला आलेल्या बाईला झाड पाडायचा फॉर्म भरायला लावणं हे झाडाचं रक्षण नव्हे. तो फॉर्म मी भरला नाही, तुम्हीही भरू नका. एकदा 'तोडणी' असं कागदावर आलं की पुढचा प्रत्येकजण तेच वाचतो.

शेवटी पाहणीला माणूस आला. त्यानं वर बघून सांगितलं, "शेंडा ठेवून सगळं साफ करतो. दोन वर्षं बघायला नको." मी तिथंच नाही म्हणाले. माड, ताड, रॉयल पाम यांना आंब्या-जांभळासारख्या फांद्या फुटत नाहीत. वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. हिरव्या झावळ्या झाडाचं अन्न करतात आणि माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेतून पोय, म्हणजे फुलोरा, निघते, म्हणजे झावळी गेली की घडाचा आधारही गेला. शिवाय हिरव्या देठाच्या ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि आतून खोड पोखरतो. पावसाळ्यात शेंडा कुजण्याची भीती वेगळीच. 'झावळ्या कमी केल्या की वाऱ्याला झाड टिकतं' असं लोक म्हणतात, तेही खरं नाही. असं बोडकं केलेलं झाड उलट अशक्त होतं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असं लिहून द्या. अण्णांनी तिथंच कंपाउंडच्या भिंतीवर कागद ठेवून लिहून दिलं.

तरी फाइल हलेना. मग मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, काय कारवाई झाली? फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात हा अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळं मनातला राग त्यात ओतू नका, एवढंच विचारा. मुदत संपायच्या आतच फोन आला, कामाचा दिवस सांगायला. हे मी आधीच करायला हवं होतं असं काहीजण म्हणाले. मला तसं वाटत नाही. साध्या कामाला साध्या अर्जानंच उत्तर मिळायला पाहिजे.

पहिल्या अर्जाची पोच शिक्क्यासह घेतलेली असेल तरच हे जमतं, हे सांगायचं राहिलं. अर्जात 'धोकादायक सुक्या झावळ्या व नारळ उतरवणे' असंच लिहा. 'छाटणी' हा शब्द नको. प्रत्येक माडाजवळच्या विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर असतो, तो लिहा, म्हणजे कोणतं झाड यावर वाद राहत नाही. लाइन बंद करण्याचं पत्र वेगळं आणि त्याच तारखेचं घ्या, नाहीतर गाडी येते आणि तारेत करंट असतो.

त्या दिवशी लाइनमन वेळेवर आले, गाडीही आली. दोन माडांना गाडी पोचत नव्हती, तिथं पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, दोरी घेऊन चढला. खोडात खिळ्यांचे बूट रोवू देऊ नका आणि पायरीसाठी खाचाही पाडू देऊ नका. ताडकुळातल्या झाडाची जखम भरून येत नाही, ती आयुष्यभर राहते. तारेला टेकणाऱ्या तीन हिरव्या झावळ्या कापाव्याच लागल्या. त्या खोडाला लागून न कापता मीटरभराहून जास्त देठ ठेवून कापायला लावल्या. बाकी सगळ्या माडांचं हिरवं छत्र जसंच्या तसं आहे. खालून जाताना मला त्याचा अभिमान वाटतो.

दुभाजकावरच्या रॉयल पामवर चढायचीही तयारी होती, ती मी थांबवली. ते झाड आपली वाळलेली झावळी स्वतःच टाकतं. ती जड असते, खाली गाडी लावू नये आणि पडलेली लगेच उचलावी, इतकंच. तिथं कोयता चालवणं म्हणजे फुकटचा खर्च आणि झाडाला इजा.

उतरलेल्या झावळ्यांचे हीर काढून कॉलनीतल्या दोन बायकांनी खराटे बांधले. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते, म्हणजे पुढच्या वळवापर्यंत पुन्हा दहा-बारा जुन्या होणार. पुढचा अर्ज दिवाळी झाली की लगेच देणार आहे. कन्नड आणि मराठी, दोन्ही मजकूर अण्णांनी जपून ठेवले आहेत. कुणाला हवे असतील तर मागून घ्या, फक्त खांबांचे नंबर तुमचे घाला.