एक टोला
परवा दुपारी एका नातेवाइकांकडे जेवण आटोपून सुपारी कातरत बसलो असता भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाने एकच टोला दिला आणि यजमान सवयीने म्हणाले, "दीड वाजला."

आजोळच्या माजघरातले घड्याळही असेच अर्ध्या तासाला एक टोला देई. त्यामुळे साडेबारा, एक आणि दीड या तिन्ही वेळांना त्याचे म्हणणे एकच असे. रात्री जाग आलेल्या माणसाने त्यावरून काय समजावे? गोधडीचा उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत, टोल्याआधीची त्याची खरखर ऐकू येते का याचा कानोसा घेत मी पडून राही. शेजारी आजीला ते अंधारातही कळे. "नुसता पडून राहा. झोप नाही लागली तरी चालेल," एवढेच ती म्हणे. दोनाचे टोले मी कधी ऐकल्याचे मला आठवत नाही.

आता उशाशी मोबाइल असतो. तो 3.17 दाखवतो, आणि सहाच्या गजराला 2 तास 43 मिनिटे उरली ही वजाबाकी मी न सांगता करून टाकतो. खरी झोप उडते ती तिथे. झोपेची आवर्तने साधारण 90 मिनिटांची असतात आणि त्यांच्या सांध्यावर क्षणभर जाग येणे अगदी स्वाभाविक असते, हे मी वाचलेले आहे. परंतु त्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. घड्याळ पाहू नये, आणि 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसावे, असाही तज्ज्ञांचा सल्ला असतो. घड्याळ न पाहता ती 20 मिनिटे कशी मोजावीत, हे मला अजून उमगलेले नाही.

म्हणून मी उशी उलटी करून तिच्या गार बाजूवर गाल टेकतो आणि मनातल्या मनात पुण्याहून लोणावळा लोकलने निघतो. शिवाजीनगर, खडकी, दापोडी असे करत देहूरोडपर्यंत सारे सुरळीत चालते. पुढे बेगडेवाडी आधी की घोरावाडी, अशी शंका येते आणि मी टक्क जागा होऊन पुन्हा मोबाइल हातात घेतो. (बेगडेवाडी आधी. हे मी निदान चार वेळा तपासले आहे.)

निघताना मी यजमानांना विचारले, "रात्री या टोल्यांनी झोपमोड होत नाही का?"

"रात्री?" ते जरा विचारात पडले. "रात्री कधी ऐकले नाहीत बुवा."

मी उरलेली सुपारी तोंडात टाकली आणि चपला शोधू लागलो.