पांढऱ्या तोंडाचं

ऐन वामकुक्षीच्या वेळेला खाली पार्किंगमध्ये गलका झाला. इमारतीच्या डक्टमधून एक गव्हाणी घुबड बाहेर आलं होतं आणि कावळ्यांनी त्याला जिन्याच्या खिडकीत कोंडलं होतं. मंडळी मोबाईल काढून उभी. एक जण म्हणाला, लक्ष्मीचं वाहन आहे, हात जोडा. दुसरा म्हणाला, अपशकुनी आहे, हाकला. हे दोन्ही एकच माणूस म्हणाला असता तरी आपल्याकडं खपून गेलं असतं.

‘घुबडतोंड्या’ ही शिवी ज्यानं काढली, त्यानं गव्हाणी घुबड पाहिलेलं नसणार. बदामाच्या आकाराचा पांढराशुभ्र चेहरा, काळेभोर डोळे, पाठीवर सोनेरी-राखाडी नक्षी. बरं, तो चेहरा नुसता मिरवायला नाही, आवाज गोळा करून कानांकडं पाठवायचं काम करतो. कानही एका रेषेत नाहीत, एक वर, एक खाली. म्हणून मिट्ट काळोखात उंदीर खुसपुसला की तो नेमका कुठं आहे, हे त्याला ऐकूनच कळतं. मला चष्मा लावूनही शर्टाचं बटण सापडत नाही.

आजोळी, पुरंदर तालुक्यात, गोठ्याच्या तुळईवर एक जोडी असायची. आजी त्यांचं नाव घेत नसे. ‘ते पांढऱ्या तोंडाचं’ म्हणायची. रात्री ते किंचाळलं की आम्ही पोरं गोधडीत गुडूप. सकाळी गव्हाणीत कडब्यावर काळ्या गोळ्या पडलेल्या असत. मामेभाऊ आणि मी त्या पाण्यात भिजवून काडीनं उकलायचो. राखाडी केसांच्या लगद्यातून उंदराची अख्खी कवटी निघायची, पुढचे दात चक्क नारिंगी. उंदीर सगळाच्या सगळा गिळायचा आणि न पचलेलं ओकून टाकायचं, हा व्यवहार आम्हाला फार पटला होता. भोपळ्याच्या भाजीला तो लागू करून पाहिल्यावर पाठीत धपाटा बसला.

घुबडाला दगड मारायचा नाही, हा आजीचा कायदा. ते दगड उचलून नेऊन नदीत टाकतं आणि पाण्यात दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. मामेभाऊ काटकुळा होता, त्यामुळं त्याच्यावर तिचा कायमचा संशय. आज त्याचं पोट पाहता दगड काळ्या पाषाणाचा असावा.

त्याच तालुक्यातल्या पिंगोरीत २०१८ साली चक्क घुबडांचा महोत्सव भरला. आजीनं कानांवर हात ठेवले असते. पण तिच्या धाकानं ती जोडी सुखानं नांदली, हेही खरंच. दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा असूनही.

गोठा आता गेला, तिथं स्लॅब पडला. मामेभाऊ बिळांपाशी उंदराचं औषध ठेवतो. ते खाऊन लडबडणारा उंदीर घुबडाला आयताच मिळतो आणि मग घुबडही जातं. दगडाची गोष्ट होती, औषधाच्या पुडीची गोष्ट आजीजवळ नव्हती. परवा फोनवर मी हे बोललो तर म्हणाला, “मग काय घुबडाला सांगू ज्वारी राखायला?”

इतकी वर्षं तेच राखत होतं की, असं म्हणेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता.